म्हात्रे सरांचे अंजीर

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, तसं तोंडातल्या तोंडात नको. नीट म्हणा. हं. तरी तुम्ही हसणारच, मला ठाऊक आहे. माझी बायको तर मी सुरुवात करायच्या आधीच उठून आत जाते आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येतो.

विषय साधा होता. माझ्या मुलीचं, गौरीचं लग्न ठरायचं होतं. म्हणजे तिचं आणि निनादचं आपसात ठरलंच होतं. दोघं अंबरनाथला एकाच लॅबमध्ये कामाला. आता फक्त मोठ्यांनी एकमेकांना भेटायचं, पोहे खायचे आणि ‘आमची काही हरकत नाही’ असं म्हणायचं, एवढंच उरलं होतं. एवढंच! आता एवढ्यात माती खायला माणसाला किती अक्कल लागते? पण मी खाल्ली.

गौरीनं मला आधीच बजावलं होतं. “बाबा, निनादच्या बाबांचा फोन येईल. ते शाळेत सर होते. फार चांगले आहेत. फक्त एक करा, समोरचा माणूस काय म्हणतोय ते शेवटपर्यंत ऐका.”

“म्हणजे? मी ऐकत नाही?”

“बघा, आत्ताही माझं वाक्य पुरं झालं नव्हतं.”

तर फोन आला. आणि कधी आला? मी आनंदनगरला कंपनीत, प्रेस मशीनच्या शेजारी उभा असताना. आमचं प्रेस मशीन कसं चालतं ते तुम्हाला सांगतो. दर चार सेकंदांनी धाड! मधल्या चार सेकंदांत जगातलं जे काही ऐकू येईल ते आपलं. बाहेर जाऊन बोलायला काय झालं होतं? पण मुलाचे वडील! पहिला फोन! त्यांना ‘एक मिनिट थांबा’ कसं म्हणायचं? मी एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्या कानाला फोन लावला.

“नमस्कार सुरेशराव! म्हात्रे बोलतोय, निनादचा बाबा. रविवारी यायचं म्हणतोय. आणि खरं सांगू, तुमच्याकडे (धाड!) …जीर आहे असं कळलं, तेव्हापासून झोप नाही मला!”

“काय आहे म्हणालात?”

“(धाड!) …जीर! …जीर!”

आता तुम्हीच सांगा. लग्नाच्या बोलण्यात, खाण्यापिण्याच्या गोष्टीत, शेवटी ‘जीर’ येणारी वस्तू कुठली? अंजीर! मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि मुलाकडच्यांना कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं नसतं, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलेलं.

“आहेत ना! आहेत की!” मी ओरडलो.

“आहेत? एकापेक्षा जास्त? मला वाटलं एखादी जोडी असेल!”

“छे हो, जोडीनं काय होतंय! तुम्ही म्हणाल तेवढे!”

पलीकडून सर नुसतं ‘वा! वा!’ करायला लागले. मला वाटलं, माणूस भारावला. तो भारावलाच होता, पण का, ते नंतर कळलं.

“मग आम्ही सकाळीच येतो,” ते म्हणाले. “सकाळी सकाळीच मजा. दुपारी काही (धाड!) नाही. आईलाही आणतो. तिला भारी वेड. तिच्या लहानपणी वाडीत (धाड!) केळफुलावर (धाड!) तुटून पडायचे. आणि सुरेशराव, एक विनंती. रागावू नका. साखर अजिबात नको! लोक हौसेनं साखर (धाड!) पण ते चांगलं नाही. जिवाला अपाय होतो.”

“अहो, तुमच्या शब्दाबाहेर नाही! साखरेचा कणसुद्धा दिसणार नाही!”

फोन ठेवला आणि मी स्वतःवर इतका खूश झालो म्हणून सांगू! एका फोनमध्ये सगळी माहिती काढली. व्याह्यांना डायबेटिस. अंजीर जीव की प्राण, तेही सकाळी, रिकाम्या पोटी. आणि त्यांच्या आईला केळफुलाची भाजी आवडते. असं काम पोलिसांनाही जमत नाही.

घरी येऊन बायकोला, कल्पनाला, सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. थांबली.

“रविवारी सकाळी केळफुलाची भाजी? केळफूल साफ करायला किती वेळ लागतो, माहितीये? एकेका फुलातला दांडा काढायचा, हाताला तेल लावायचं, ताकात भिजत घालायचं…”

“आजींची इच्छा आहे.”

“आणि पोहे?”

“पोहे कर. पण साखर नको.”

“चहा?”

“बिनसाखरेचा. आणि अंजीर मी बघतो.”

गौरीला काही सांगितलं नाही. तिला जरा चकित करायचं होतं. बाबा ऐकत नाहीत म्हणते ना? बघू दे आता!

अंजिरांसाठी मी थेट उल्हासनगर गाठलं. कॅम्प चारला माझ्या ओळखीचे गोपसेठ आहेत, सुक्या मेव्याचं दुकान. पंचवीस वर्षांची ओळख. मी अंजिरांच्या माळा एकावर एक काढायला लावल्या तसा तो माणूस काळजीत पडला. काउंटरवरून वाकून हळूच विचारतो, “साईं, घर में सब ठीक है ना? पेट का कुछ प्रॉब्लेम?”

“पेट का नहीं, बेटी का रिश्ता है!”

“रिश्ता?” गोपसेठ माझ्याकडे बघतच राहिले. “अरे साईं, रिश्ते में हम लोग मिस्री देते हैं, खडीसाखर. अंजीर कौन देता है? अंजीर तो डॉक्टर देता है!”

“मिस्री नहीं चलेगी. शक्कर मना है. लडके के पिताजी को अंजीर बहोत पसंद है.”

“इतना पसंद है?” त्यांनी माळांचा ढीग बघितला. “फिर तो साईं, पहले ये देख लो, उनके घर में बाथरूम कितने हैं.”

चेष्टा करू द्या, म्हटलं. रविवारी कळेल.

रविवार उजाडला. आमचा फ्लॅट बेलवलीत, तिसऱ्या मजल्यावर. मी पहाटेच उठलो. घर लख्ख दिसलं पाहिजे ना! हॉलची बाल्कनी झाडली. छताच्या कोपऱ्यात एक काहीतरी लोंबत होतं. वाळकी पानं, जळमटं, कापसाचे पुंजके, सगळं एकात एक अडकून वीतभर लटकलेलं. झाडू वर केला, एका फटक्यात खाली. कचऱ्याच्या पिशवीत भरलं, पिशवीला गाठ मारली आणि खाली डब्यात नेऊन टाकली. कधी नव्हे ते हे काम मी स्वतः केलं, हे लक्षात ठेवा.

आठच्या सुमाराला मंडळी आली. निनाद, पांढराशुभ्र शर्ट घातलेले म्हात्रे सर आणि त्यांच्या आई. आजी ऐंशीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, पण जिना चढून आल्या तर धापसुद्धा लागली नव्हती. सरांच्या गळ्यात मात्र एक भलीमोठी दुर्बीण! मी मनात म्हटलं, घर बघायला आलेत की किल्ला?

“या, या! बसा! पाणी घ्या!”

“बसतो, बसतो,” सर म्हणाले. ते बसतच नव्हते. लहान मुलासारखे खिडकीकडे, पंख्याकडे, पडद्यामागे बघत होते. “सुरेशराव, बाकीचं सगळं नंतर. आधी…”

“कळलं!” मी हात वर केला. “आधी तेच! तयारच आहे!”

आणि मी आतून ट्रे घेऊन आलो. मोठा, स्टीलचा. त्यात काय नव्हतं? रात्रभर भिजवलेले अंजीर. अंजिराची बर्फी, खव्याची, बिनसाखरेची. उभ्या पेल्यांतून अंजिराचं दूध. मध्ये माळ सोडवून गोल रचलेले सुके अंजीर. त्याच्या शेजारी वाफाळती केळफुलाची भाजी.

सरांनी ट्रेकडे बघितलं. मग ट्रेच्या मागे बघितलं. मग माझ्याकडे.

“हे काय?”

“अंजीर!”

“ते दिसतंय. शिंजीर कुठाय?”

“काय?”

“शिंजीर, सुरेशराव. शिं-जीर.”

गौरीनं कपाळावर हात मारला. त्याचा आवाज मला प्रेस मशीनपेक्षा मोठा वाटला.

“बाबा! शिंजीर म्हणजे सनबर्ड! पक्षी आहे तो! सर पक्षी बघतात, मी सांगणार होते त्या दिवशी, तुम्ही मला बोलू कुठं दिलंत?”

तेवढ्यात आजींनी एक बर्फी उचलून तोंडात टाकली होती. “ग्वाड हाय गं,” त्या कल्पनाला म्हणाल्या. “पन बाला, पाखरू कुठं हाय?”

माझे कान लाल झाले. “मग… साखर नको म्हणालात ते?”

“पक्ष्यांना हो! लोक वाटीत साखरेचं पाणी ठेवतात ना, ते.” सरांनी कल्पनानं आणलेला चहाचा कप उचलला होता, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “मला कशाला नको? मी दीड चमचा घेतो.”

“आणि केळफूल?”

“केळफुलातला मध प्यायला शिंजीर यायचे, आईच्या लहानपणी. वाडीत.”

मी ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या शेजारीच बसलो. पण सर खरंच मोठ्या मनाचे. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अहो, होतं असं! आता ऐका. हा साधासुधा शिंजीर नाही. गौरीनं निनादला फोटो पाठवला होता, मादीचा. कमरेवर लाल ठिपका. म्हणजे आपल्या सह्याद्रीतला छोटा शिंजीर. अंगठ्याएवढा जीव! आपल्या डोंगराच्या पट्ट्यातच राहतो, जगात दुसरीकडे कुठं नाही. तो मलंगगडाकडच्या झाडीतून खाली येतो, फुलांवर मध पितो, इथवर ठीक. पण माणसाच्या बाल्कनीत घरटं? मी चाळीस वर्षं पक्षी बघतोय. एकदाही बघितलं नाही!”

“घरटं?” मी म्हटलं.

“घरटं! तेच तर बघायचंय! ओळखू येत नाही चटकन. कचराच वाटतो. वाळकी पानं, कोळ्याची जाळी, कापूस, असं सगळं एकात एक गुंतवून लटकतं केलेलं, वीतभर…”

माझ्या डोळ्यांसमोर सकाळचा झाडू आला. ते छताला लोंबणारं, वाळकी पानं, कापूस, जळमट. एका फटक्यात खाली! चाळीस वर्षांत सरांनी जे बघितलं नाही ते मी पिशवीत घालून, वर गाठ मारून, डब्यात टाकलं होतं!

आणि नेमकी त्याच क्षणी खालून घंटागाडीची घंटा ऐकू आली.

मी उठलोच. “अहो, थांबा, ऐका तरी!” कल्पना ओरडली. “अहो!” पण ऐकतो कोण? मुलीचं लग्न, सरांची चाळीस वर्षं आणि त्या अंगठ्याएवढ्या जिवाचा संसार, सगळं त्या गाडीत चाललं होतं! दारात मिळतील त्या चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर कळलं, एका पायात माझी आहे आणि दुसऱ्या पायात आजींची.

डबा रिकामा! गाडी गेटातून बाहेर वळत होती.

“थांबवा गाडी!” मी बोंब ठोकली. “थांबवा गाडी!”

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “काय झालं काका? सोनं-बिनं गेलं काय?”

“घरटं! माझ्या हातनं घरटं गेलं!”

“घर गेलं? काका, घर कसं जाईल कचऱ्यात?”

“घर नाही, घरटं! पक्ष्याचं! आत पिल्लं असतील!”

‘पिल्लं’ हा शब्द मी जरा मोठ्यानं उच्चारला असावा. कारण समोरच्या बिल्डिंगमधल्या बाल्कन्या पटापट भरल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, “कुणाची पिल्लं?” वरच्या मजल्यावर ते ‘मांजराची पिल्लं’ म्हणून पोचलं. त्याच्या वर जाईपर्यंत मांजराचा साप झाला. कुणीतरी काठी घेऊन धावत आलं. कुणी मोबाइल घेऊन आलं. आणि मी? मी नवा कोरा, खास आजच्यासाठी घेतलेला शर्ट घालून, कमरेपर्यंत घंटागाडीत!

पिशवी ओळखायची कशी? सगळ्या काळ्याच! पण त्याच पिशवीत कल्पनानं आदल्या रात्री केळफुलाची लाल सालं टाकली होती. एक पिशवी फाडली, कांद्याची टरफलं. दुसरी फाडली, तिच्याबद्दल नको बोलायला. चौथ्या पिशवीतून केळफुलाचं लालभडक साल डोकावलं आणि मी गाडीतच टाळी वाजवली.

“सापडलं!”

आत ते होतं. जसंच्या तसं. मी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं, देवळातून तीर्थ आणतात तसं. काठीवाले बाजूला झाले. ड्रायव्हरनंही डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यालाच माहीत. आणि मी एक एक पायरी जपून चढत वर आलो.

हॉलमध्ये कुणी नाही!

ट्रे अर्धा रिकामा. खुर्च्या रिकाम्या. गेले! रागावून निघून गेले! मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात किचनमधून कुजबुज ऐकू आली.

आत जाऊन बघतो तर काय! किचनमागच्या ड्राय बाल्कनीच्या दारात सगळे एकामागे एक उभे. सर, निनाद, गौरी. श्वास रोखून. सगळ्यात पुढे स्टुलावर आजी आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून कल्पना. बाल्कनीच्या कपडे वाळवायच्या तारेवर, एका कोपऱ्याला, एक छोटंसं लांबट बोचकं लटकत होतं. त्याला पुढून गोल भोक, भोकावर चक्क छज्जा! आणि त्या भोकातून दोन चोची बाहेर, सुईसारख्या, वासलेल्या.

फुर्रकन मादी आली. खरंच अंगठ्याएवढी. तोंडात बारकासा कोळी. एका चोचीत घातला, मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं आणि गेली. मागोमाग नर ग्रिलवर येऊन बसला. डोकं हिरवं चमचम, पाठ कुंकवासारखी लाल. ऊन पडलं आणि तो असा काही पेटला म्हणून सांगू! सहा फुटांवर पक्षी, तरी सरांनी डोळ्यांना दुर्बीण लावलेली. दुर्बिणीखालून गालावर पाणी वाहत होतं.

“सापडलं!” मी मागून हळूच म्हटलं.

“श्श्श!” पाचही जणांनी एकदम.

सरांनी वळून माझ्या ओंजळीत बघितलं. अगदी हळुवार आवाजात म्हणाले, “सुरेशराव, हे जळमट आहे.”

“जळमट?”

“नुसतं जळमट. पण छान आहे.”

आजींनी नाकाला पदर लावला. “बाय,” त्या कल्पनाला म्हणाल्या, “यांना जरा लांब उबा कर गं. पाखरू उडून जायाचं.”

मग आंघोळ करून आल्यावर मला सगळी हकिगत कळली. घरटं सुरू झालं त्या दिवसापासून कल्पनाला माहीत होतं. तिनं तारेवर कपडे घालणं बंद केलं. ड्राय बाल्कनीतला दिवा लावणं बंद केलं. गौरीला सांगितलं. मला सांगितलं नाही, कारण मला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आणि पाऊण तासात ड्राय बाल्कनीत रांग. कपडे कुठे वाळत होते? आमच्या बेडरूममध्ये! दीड महिना माझ्या उशीवर ओल्या पँटी लोंबत होत्या आणि मी रोज त्या बाजूला सारून झोपत होतो. एकदाही विचारलं नाही की का. आणि ड्राय बाल्कनीत? तिथं जायचा माझ्यावर प्रसंगच येत नाही हो! तिथं वॉशिंग मशीन असतं.

आता मुद्द्याचं सांगतो. मी घंटागाडीत होतो तेवढ्या वेळात वर काय झालं? सरांनी घरटं बघितलं. ते दीड महिन्याचं ओल्या कपड्यांचं प्रकरण ऐकलं. उभ्या उभ्या कल्पनाला हात जोडून म्हणाले, “ताई, आमच्याकडून पक्कं. तुमचं सांगा.” कल्पना म्हणाली, “आमच्याकडूनही पक्कं.” आजींनी गौरीच्या हातावर बर्फीचा तुकडा ठेवला. पिल्लं उडून गेल्यावर साखरपुडा, हेही ठरलं. पाच मिनिटांत सगळं उरकलं. मुलीचा बाप कुठंय, असं कुणी विचारलं का? निनाद म्हणतो, त्यानं विचारलं होतं. चांगला मुलगा आहे, मन राखतो माझं.

पिल्लं उडाली. साखरपुडा झाला, लग्नही झालं. आता कुठल्याही समारंभात कुणी ना कुणी मला गाठतंच. “सुरेशराव, एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरत होतं. बापाचं काळीज! त्या क्षणी तुम्ही काय बोललात हो?”

खोटं कशाला सांगू? सगळ्या बेलवलीनं ऐकलंय.

“थांबवा गाडी!”